अर्धलीचं लिव्हर

आमच्या मेव्हण्यांना चहा पाजणं महागात पडतं. कप खाली ठेवायच्या आत त्यांची परतफेड सुरू होते. अर्धा कप चहा घेतला तरी पिशवीतून नारळ निघतो, केळी निघतात, राजूबाईच्या हातावर चोळीचा खण पडतो. राजूबाई म्हणजे माझी बायको आणि श्रीपतराव तिचे थोरले भाऊ, मुडबीचे. आमच्या दुबलगुंडीच्या घरात खणांनी एक अख्खी पेटी भरली आहे, आणि त्यातला एकही तिच्या आवडीच्या रंगाचा नाही. घाईत घेणारा माणूस रंग कुठं बघतो?

बहिणीला द्यायचं असतं, तिचं घ्यायचं नसतं, हा त्यांचा नेम. नेम आमच्याकडं पुष्कळांचे असतात, पण सोय बघून वाकतात. यांचा वाकत नाही. आमच्या पोराच्या बारशाला त्यांना पंगतीत बसावंच लागलं, तर दुसऱ्या दिवशी तुरीचं पोतं दारात हजर. हुमनाबादला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटार जळाली की लोक माझ्याकडं आणतात, मी तांब्याची तार नव्यानं भरून देतो. धंदा बरा चालतो, कुणापुढं हात पसरायची वेळ आलेली नाही. पण हा माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला की मला उगाच आपण दुष्काळग्रस्त असल्यासारखं वाटतं.

राजूबाईचं दुखणं वेगळं होतं. ती म्हणायची, "अण्णानं माझ्या हातचं कवा चवीनं खाल्लं न्हाई बगा. घास तोंडात असतोय आन् हात पिशवीत." भाकरी मऊ झाली का कडक, आमटीत मीठ कमी पडलं का जास्त, लग्न झाल्यापासून भावाच्या तोंडून एक शब्द तिनं ऐकला नव्हता. जेवण म्हणजे त्यांना अंगावर आलेलं ओझं वाटायचं, कधी एकदा उतरवतो असं.

हे श्रीपतराव मागच्या वर्षी पिवळे पडले.

आधी डोळे, मग नखं, मग सगळं अंग. रेणुकावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काविळीचा पाला दिला, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालेलं बघून दोघांना बरंही वाटलं. पण माणूस काही पांढरा होईना. शेवटी कलबुर्गीच्या डॉक्टरांनी लिव्हर गेलं म्हणून सांगितलं आणि हैदराबादला धाडलं.

लिव्हर गेलं म्हटल्यावर मुडबीनं निकाल लावून टाकला. जो माणूस दारूच्या दुकानावरून जाताना रस्त्याची बाजू बदलतो, तो गावाच्या मते चोरून पिणारा निघाला. जे रोजचे पिणारे होते ते तर त्यांच्याकडं भाऊबंदासारखे बघायला लागले. त्यातला एक भेटायला आला आणि कानाशी लागून म्हणाला, "रावसाब, कुठल्या दुकानातली घेत होता? ती सोडा. मी सांगतो तिथली घ्या, काई होत न्हाई." श्रीपतरावांच्या अंगात तेव्हा उशी फेकायचंही बळ नव्हतं, नाहीतर त्या दिवशी त्याचं लिव्हर आधी गेलं असतं.

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टर मैत्रेयी भेटल्या. मूळच्या औरादकडच्या, त्यामुळं बोलायची अडचण नव्हती. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, "ह्याचा दारूशी काई संबंध न्हाई." रेणुकावहिनींनी मुडबीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि डॉक्टरांना तेवढं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरांनी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "जरा मोठ्यानं."

मग मैत्रेयींनी कागदावर चित्र काढून समजावलं. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं आणि बारीक नळ्यांतून वाहत खाली जातं. श्रीपतरावांच्या त्या नळ्याच आतून आकसत गेल्या होत्या. का, ते डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही. पित्त तुंबलं आणि तुंबलेल्या पित्तानं लिव्हर जाळलं.

"तसं लिव्हर लई गुणी असतंय," त्या म्हणाल्या. "कापलं तरी वाढतंय. मळ्यात चार रोपं मेली की शेजारची पसरून जागा भरतात, तसं. आन् सगळीच रोपं थकली, तर पाटाच्या कडेला ठेवणीतलं बी असतंय. पित्ताच्या नळ्यांच्या अस्तरात तशा मूळपेशी असतात. लागलं तर त्या लिव्हर होतात, लागलं तर नळी होतात. माणसात त्यांचं काम नेमकं किती, ह्यावर पुस्तकात अजून भांडणं चालू हायत. पण ह्यांचा तर पाटच बुजलाय. कडेचं बियाणं बी जळून गेलंय. आता दुसऱ्याच्या मळ्यातला तुकडा आणून लावल्याबगर इलाज न्हाई."

श्रीपतराव एवढंच म्हणाले, "पाट बुजल्यावर कसला मळा." त्यांना सगळं समजलं होतं. मला मात्र पटलं नाही. आयुष्यभर मी जळालेल्या मोटारी बघतोय. अर्धी मोटार कापली आणि उरलेली आपोआप पुरी झाली, असं मला कुणी दुकानात येऊन सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता.

तुकडा द्यायला घरातलंच माणूस हवं होतं. वहिनींच्या लिव्हरवर चरबी निघाली. त्यांचा पोरगा शिवराज अजून अठराचा झाला नव्हता. राजूबाईचं रक्त जुळलं, सगळ्या तपासण्या जुळल्या, आणि डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही बाई म्हणाली, "कवा यायचं सांगा."

मी बाहेर व्हरांड्यात तिला धरलं. "मला इचारलंस काय?"

"तुमचं लिव्हर मागितलंय काय कुनी?"

"अगं, निम्म्याहून जास्त कापत्यात म्हनं."

"वाढतंय म्हनल्या न्हवं बाई."

"आन् न्हाई वाढलं तर? मी काय करू?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझा एकच भाऊ हाय." मी चिडून खाली गेलो आणि चहा प्यायलो. चहाही भिकार होता.

खरी अडचण माझी नव्हतीच. खरी अडचण वर, खाटेवर पडली होती. श्रीपतरावांनी नाही म्हणून सांगितलं.

"बहिणीचं घ्यायचं नसतंय," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

वहिनी रडल्या, शिवराज रडला. मैत्रेयींनी सांगितलं की उशीर केला तर पुढं तुकडा लावूनही उपयोग व्हायचा नाही. श्रीपतरावांचं एकच. "साधं पानी पिलो न्हाई फुकटचं तिच्या दारात. आता काय तिचं काळीज काढून घेऊ? मेलो तर मरू द्या, पर ह्ये जमायचं न्हाई." त्यांनी सही केल्याशिवाय दवाखाना हात लावणार नव्हता. एक माणूस नेमापायी मरायला टेकला होता, आणि तो नेम आमच्या चहाच्या कपापासून सुरू झाला होता. मला इतका राग आला होता की मी मनातल्या मनात त्यांचे सगळे नारळ त्यांच्याच डोक्यात फोडले.

याच वेळी मुडबीहून माणिकप्पा आले. माणिकप्पा लिंगायत, बसवकल्याणच्या बाजारात कडब्याचा व्यापार, बोलताना मराठी आणि कन्नड एकाच पिशवीतून काढणारे. त्यांची आणि श्रीपतरावांची दोस्ती अर्धलीची. अर्धली म्हणजे जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा. मालकानं वासरू द्यायचं, दुसऱ्यानं आपल्या गोठ्यात वाढवायचं, वाढलं की निम्मं-निम्मं. मध्ये एक साक्षीदार लागतो, लिखापढी नसते. श्रीपतरावांचं नाव या बाबतीत आसपासच्या सगळ्या गावांत मोठं. दुसऱ्याचं वासरू स्वतःच्या पोराआधी पाणी पाजून येणार. माणिकप्पांची गाय त्यांच्याकडं कित्येक वर्षं अर्धलीनं होती. आणि गंमत बघा, या माणिकप्पांच्या घरी आमचे मेव्हणे पोटभर जेवून, हात पुसत, ढेकर देत उठायचे. तिथं नारळ नाही, केळी नाही. हिशोब चालू आहे म्हटल्यावर त्यांना कसला संकोच नसायचा.

माणिकप्पांनी आल्याआल्या गाईची खबर सांगितली. गाभण आहे, खाणं चांगलं आहे. श्रीपतरावांनी एवढ्यापुरतं भिंतीकडून तोंड वळवलं.

तेवढ्यात राजूबाई आत आली. तिनं बाहेर सगळं ऐकलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, पदर खोचला, आणि मी तिला इतक्या वर्षांत भावाशी ज्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाली, "अण्णा, मी तुला देत हाय म्हनून कुनी सांगितलं?"

"मग?"

"अर्धलीनं ठेवायलेय."

माणिकप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वासराएवढा तुकडा हाय माझा," राजूबाई म्हणाली. "तू सांभाळ. वाढला की वाटणी. लोकायची सांभाळतोस, माझंच कामून सांभाळणार न्हाईस? का माझ्यावर भरवसा न्हाई तुझा?"

मी श्रीपतरावांच्या तोंडाकडं बघत होतो. पिवळ्या तोंडावर हळूहळू तो व्यवहारी माणूस परत आला. ते कोपरावर उठून बसले.

"दाणापाणी?"

"तुझं."

"औषध?"

"तुझंच. सांभाळणाऱ्याचं असतंय."

"मेलं तर?"

आमच्याकडं अर्धलीचं जनावर मेलं तर सांभाळणाऱ्यानं त्याचा कान मालकाला आणून दाखवायचा असतो, विकून खाल्लं नाही याची खूण म्हणून. माणिकप्पा सवयीनं बोलून गेले, "कान आणून दाखवायचा." बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे जनावर मेलं तर कान घेऊन येणारा माणूसच उरायचा नाही. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. श्रीपतराव मात्र हसले. कित्येक दिवसांनी हसले, आणि खोकले.

"वाटणी कवा?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"मालकीण मागंल तवा," राजूबाई म्हणाली.

"ठरलं."

"आयतु," माणिकप्पा म्हणाले. कन्नडात आयतु म्हणजे झालं. त्यांनी आयतु म्हटलं की मुडबीत कोर्ट उठतं.

पण हैदराबादचं कोर्ट अजून बसायचं होतं. दवाखान्यात एक समिती असते. अवयव कुणी दबावानं देत नाही ना, विकत घेत नाही ना, हे ती तपासते. समोर कॅमेरा लावतात. आम्हा सगळ्यांना बसवलं. अध्यक्ष वयस्कर होते, चांगले होते, त्यांनी श्रीपतरावांना हिंदीत विचारलं, "आप की बहन आप को लिव्हर दे रही है. बदले में आप कुछ दे रहे हैं?"

दुसरा कुणीही नाही म्हणाला असता. आमच्या मेव्हण्यांना खोटं बोलता येत नाही. ते आपल्या दख्खनीत म्हणाले, "देना पडता ना साब. आधा देतूं. पूरा बढे बाद."

अध्यक्षांचं पेन थांबलं. "क्या आधा? पैसा? जमीन?"

"नै साब. उसीच में का आधा."

माणिकप्पा मदतीला धावले. "मैं गवाह हूं साब," ते म्हणाले, आणि होतं नव्हतं ते बिघडवलं. समितीतल्या एक बाई भराभर लिहून घ्यायला लागल्या. इतक्या खटपटीनं जागेवर आणलेला माणूस आता व्यवहार केला म्हणून परत जाणार, असं दिसायला लागलं.

शेवटी मैत्रेयी उठल्या. त्यांच्या आजीच्या शेळ्या औरादला अर्धलीनं असायच्या. त्यांनी इंग्रजीत बराच वेळ समजावलं. मला इंग्रजी फार कळत नाही, पण मध्येच त्यांनी हातानं शेळीची उंची दाखवली तेव्हा गाडी रुळावर आली हे समजलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मतलब, ये लिव्हर वापस करेंगे?"

"कर नहीं सकते, सर."

"इन को मालूम है?"

मैत्रेयींनी श्रीपतरावांकडं बघितलं. श्रीपतराव ताठ बसले होते, देणं चुकवायला तयार. आम्ही बाकीचे पंख्याकडं बघायला लागलो. "वो हिसाब भाई-बहन देख लेंगे, सर," मैत्रेयी म्हणाल्या.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, नवरा म्हणून आप राजी हैं? मी राजी नव्हतो. मी भ्यालो होतो. राजूबाई नसलेलं घर माझ्या डोळ्यांपुढं येत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती मला नजरेनं दटावत होती, लग्नात उखाणा घ्यायला अडलो होतो तेव्हा दटावत होती तशीच.

"राजी हूं," मी म्हणालो.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेर बसलो होतो, मी, रेणुकावहिनी आणि माणिकप्पा. माणिकप्पा काळजीत पडले की पूर्ण कन्नडात शिरतात आणि शेंगा फोडत बसतात. त्यांच्या पायाशी टरफलांचा ढीग झाला होता, आणि ते गुरुबसवापासून मैलारच्या देवापर्यंत सगळ्यांना एकेरीत बोलत होते. मी काहीच करत नव्हतो. आजवर मेव्हण्यांवर जेवढा राग केला, तो आता आठवायचा म्हटला तर आठवत नव्हता. एवढंच वाटत होतं की दोघांनी बाहेर यावं, मग काय भांडायचं ते भांडू.

संध्याकाळी मैत्रेयी आल्या. टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. "जोडलं की टेबलावरच पित्त वाहायला लागलं," त्या म्हणाल्या. "सोन्यासारखं."

"पाट वाहिला म्हनजे," माणिकप्पा मराठीत आले. वहिनी मटकन फरशीवर बसल्या आणि तिथंच हात जोडले.

राजूबाई शुद्धीवर आली तेव्हा मी खाटेशी होतो. मला वाटलं, माझं नाव घेईल. तिनं विचारलं, "अण्णानं घेतलं न्हवं?" जणू ते आतूनही परत पाठवतील.

"घेतलं," मी म्हणालो. "आता गप पड."

दोन वॉर्ड सोडून श्रीपतराव सुधारत होते. सुधारल्याची पहिली खूण म्हणजे त्यांनी स्वतःच्या ताटातलं केळं नर्सच्या हाती बहिणीला पाठवलं. राजूबाईनं ते परत पाठवलं. "अर्धलीत केळं बसत न्हाई म्हनावं." नर्स केरळची होती, तिनं काय निरोप पोचवला देव जाणे, पण पुन्हा केळं आलं नाही.

त्यांना जन्मभर गोळ्या घ्यायच्या होत्या. अंगाला नवा तुकडा परका वाटतो, अंग त्याला हाकलायला बघतं, म्हणून त्या गोळ्या. ही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली नाही. "नवं जनावर गोठ्यात आणलं की जुनी शिंगं मारत्यात," ते म्हणाले. "जुन्यांना दावं लावून ठिवाया लागतंय." गोळीची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. बहिणीचं जनावर होतं ना.

काही महिन्यांनी तपासणीला दोघं एकदमच गेले. मैत्रेयींनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. राजूबाईचा कापलेला भाग काही परत उगवला नव्हता, पण उरलेला भाग फुगून फुगून जवळजवळ पहिल्याएवढा झाला होता. श्रीपतरावांच्या पोटातला तुकडाही वाढून भरला होता. मी दोन्ही चित्रांकडं बघत राहिलो. जळाल्या-कापल्यावर आपणहून भरून आलेली मोटार मी कधी बघितली नव्हती, आणि निघाली ती माझ्याच घरात. मला रडू आलं. मी एसीला नावं ठेवत डोळे पुसले.

"वाढलं म्हनायचं?" श्रीपतरावांनी विचारलं.

"पूर्ण वाढलं," मैत्रेयी कौतुकानं म्हणाल्या. त्यांना वाटलं, पेशंट खूश आहे. पेशंट मनातल्या मनात वाटणी पाडत होता.

पुढच्याच आठवड्यात आमच्या दारात टेम्पो थांबला. पुढं तोंडाला मास्क बांधून श्रीपतराव, शेजारी साक्षीदार माणिकप्पा, आणि मागं एक देवणी जातीची कालवड. पांढरी, कानाशी काळी, शिंगांना नवी गोंडेदार दोरी. माणिकप्पांच्या गाईच्या आधीच्या वेताची, वाटणीत आलेली. असली कालवड आमच्या दुबलगुंडीत कुणाच्या दावणीला नाही. शेजारीपाजारी गोळा झाले.

"राजू," श्रीपतराव ओट्यावर बसून म्हणाले, "जनावर वाढलं. निम्मं कापून देता येत न्हाई म्हनत्यात डॉक्टर. मी लई इचारलं. म्हनून निम्म्याच्या बदली ही कालवड. घे, मला मोकळा कर."

माझं डोकं पुन्हा तापलं. बायकोच्या लिव्हरची किंमत दावणीला बांधायला आला होता हा माणूस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात राजूबाई दारात आली. हात पिठाचे होते.

"वाटणी कुनी मागितली?" ती म्हणाली.

"वाढलं की..."

"मालकीण मागंल तवा. अप्पा, काय ठरलं होतं?"

माणिकप्पांनी वर छताकडं बघून आठवलं. "हौदु, खरं हाय. मालकीण मागंल तवा. असंच ठरलं."

"मग मला आज नको," राजूबाई म्हणाली. "जनावर तुझ्याच गोठ्यात बरं हाय. मी अधनंमधनं येईन बगायला. मालकिणीला बगायचा हक्क असतोय."

श्रीपतराव हबकले. "मग कवा मागशील?"

"बगू. शंभर वरसांनी."

आयुष्यात पहिल्यांदा ते देणं घेऊन उभे होते आणि घेणारं कुणी नव्हतं. ते माणिकप्पांकडं बघायला लागले. माणिकप्पा म्हणाले, "रावसाब, हिशोब मोडता येत न्हाई. कालवड परत न्या." आणि थोडं थांबून, चुलीकडून येणारा वास ओढत म्हणाले, "आन् हिशोब चालू हाय तवर जेवायला हरकत न्हाई. माझ्या घरी जेवताव, तसंच."

हे मात्र श्रीपतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी पिशवी उचलली, उघडली, पुन्हा मिटली. अर्धलीदारानं नारळ दिला तर हिशोबाचा अपमान, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि पाटावर येऊन बसले.

डॉक्टरांनी ताजं, गरम खायला मोकळीक दिली होती. राजूबाईनं ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकली. तुरीचं वरण, शेपूची भाजी, तिखट बेताचं. मी आणि माणिकप्पा शेजारी बसलो होतो, पण आम्ही जेवत कमी आणि बघत जास्त होतो. पहिल्या घासाला त्यांचा डावा हात सवयीनं बाजूला चाचपडला. पिशवी नव्हती. हात तिथं जरा वेळ तसाच राहिला आणि मग मांडीवर आला. दुसरी भाकरी त्यांनी आपणहून मागितली. राजूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती आणि भाकरी थापताना दोनदा पीठ लावायला विसरली.

जेवण झालं, हात धुतला. निघताना ते दारात घुटमळले. हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून तो उजव्या बरगडीखाली गेला आणि तिथंच थांबला. "येतो, दाजी," एवढंच मला म्हणाले. मी त्यांना धरून टेम्पोत चढवलं. मागं कालवड हंबरली. गाडी चालू झाली, थोडी पुढं गेली, आणि थांबली. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मास्क खाली ओढला आणि ओट्याकडं बघून म्हणाले,

"राजू, भाकर चांगली होती गं. वरणात मीठ जरा कमी होतं."

टेम्पो वळला आणि गेला. राजूबाई पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होती. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं, तिनंही ऐकलं होतं. तरी माझ्याकडं वळून म्हणाली, "काय म्हनला अण्णा?"

मी सांगितलं.

"पुना सांगा," ती म्हणाली.